दोनदा बाजाराला निघालेली म्हैस

सर्जेराव गेल्याची बातमी मी आमच्या लेखकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि अर्ध्या मिनिटात पहिलं उत्तर आलं, ‘अप्रतिम! पुढील वाटचालीस शुभेच्छा!’ त्याखाली सहा जणांच्या टाळ्या. स्वखर्चानं पुस्तकं छापणारे आम्ही चाळीस लेखक. एकमेकांना पाच तारे द्यायचे आणि वाचायचं कुणी नाही, ही आमची विक्रीकला. ती एका कार्यशाळेत सुटाबुटातल्या गुरूनं शिकवलेली. ‘पुस्तक नको, स्वतःला विका,’ असं तो म्हणाला आणि आम्ही वहीत उतरवून घेतलं. त्याचं स्वतःचं पुस्तक कुठं आहे, हे विचारायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही!

सर्जेराव माझा शाळेपासूनचा दोस्त. दूध संस्थेत फॅट तपासण्यात जन्म गेला. दुधातलं थेंबभर पाणी त्याला कळायचं. निवृत्तीनंतर त्यानं कादंबरी लिहिली, म्हैस विकायला निघालेल्या माणसाची. स्तुतीतलं पाणी मात्र या बाबाला ओळखता येईना. ‘एका बैठकीत वाचली, डोळे पाणावले,’ हा अभिप्राय माझा. मी पुस्तकावरचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. चहाच्या गाड्यावर तो विचारायचा, “भावा, खरंच रडलास व्हय?”

“आईशप्पथ!” मी छातीवर हात ठेवून म्हणायचो. आपल्याला वाचणारं कुणी आहे का, एवढंच त्याला हवं होतं... आणि आम्ही तारे वाटत होतो.

मग एकदा गाड्यावरच सर्जेरावला गगनबावड्याहून नसीमभाभींचा फोन आला. शिवणकाम करणाऱ्या बाई, ओळखदेख नाही, पुस्तक एसटी स्टँडवर घेतलेलं. “पावणं, शहाण्णव पानावर म्हस बाजाराला निघती. फुडं परत तीच पानं, परत निघती. आन् एकशेतेरावर त्यो गडी रडाय लागलाय. मधी काय झालं? इकली का न्हाय?”

छापखान्यानं सोळा पानांचा एक फर्मा दोनदा शिवला होता आणि पुढचा गाळला होता. सगळ्या प्रतींत! चाळीस रसिकांपैकी एकालाही पत्ता नाही. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. तर गडी गाड्यावरच नाचायला लागला, “एक तरी वाचणारं घावलं की रं!” राहिलेली सोळा पानं छापून घेऊन तो भर पावसात गगनबावड्याला निघाला.

“अरे, पोस्टानं पाठव!”

“म्हस वाटंत उभी हाय लेका. पोस्टाची वाट बघंल व्हय?”

परत आल्यावर त्यानं माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. “ह्ये तुझं.”

“कशाला? माझं वाचून झालंय.”

“व्हय की,” म्हणाला आणि नुसता हसला. त्याच दिवशी तो ग्रुपमधून बाहेर पडला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याचं बारावं झालं आणि मी पाकीट उघडलं. तीच सोळा पानं. म्हैस विकली जाते. वाचलं, आणि कळेना की यात रडण्यासारखं काय आहे... ती विकायला का काढली, तेच मला माहीत नव्हतं. शेवटी कपाटातून पुस्तक काढलं, प्लॅस्टिक फाडलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. सोळा पानं शहाण्णवच्या पुढं नीट घालून ठेवली आहेत.

काल छत्तीस पानं झाली. ग्रुपवर कळवलेलं नाही.