स्कीची धार

आलापल्लीला मोटारसायकल पंक्चर झाली, तेव्हा पाणी मागायला मी समोरच्या घरी गेलो. ओसरीवर पन्नाशीचा एक माणूस पुढून वर वळलेली लांब पट्टी मांडीवर आडवी धरून तिच्या पोलादी कडेवर कानस चालवत होता. दर फेरीनंतर तो फडक्यानं कीस पुसायचा आणि एक डोळा मिटून कड न्याहाळायचा.

"हे काय हो, भाऊ?"

"स्की हाय. पायाले बांधून बर्फाच्या उतारावरून घसरतेत. मी फौजेत शिकलो, आता पोरगी हिमाचलात शिकून राह्यली. उद्या निंगते."

"भीती नाही वाटत?"

कानस थांबली. "वाटते ना. मागच्या साली कडक बर्फावर बोथट धारेनं पकड घेतली नाई, पडली, हात मोडला. नोको जाऊ म्हटलं, आयकत नाई. तिले थांबवणं माह्या हाती नाई. धार लावणं हाय."

आतून मुलगी आली. तिनं अंगठ्याचं नख कडेवर हलकेच ओढलं, तशी नखाची पांढरी भुकटी निघाली.

"झाली बाबा. बस करा आता."

"हो," तो म्हणाला, पण कानस काही खाली ठेवली नाही. धार केव्हाच लागली होती. लेक घरात होती तोवर त्याला हात थांबवायचा नव्हता.