मातीच्या बैलांचा बाजार

ढाणकीपासून कोसभरावर असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यात बालवाडी निघाली ती त्रेसष्ट साली. पहिल्या दिवशी तिथं लेकरं आली मोजून दोन, आणि त्यातलं एक बाईचं स्वतःचंच होतं.

बाई म्हणजे इंदूबाई. वय अठ्ठावीसच्या आत, शिक्षण सातवी, अंगानं काडीसारखी. नवरा देवराव ढाणकीत शिंपीकाम करायचा आणि पाच वर्षांची बेबी आईचा पदर सोडायची नाही, म्हणून तीही रोज तांड्यावर. इंदूबाई सातवी झाली ती बापामुळे, हे ती भेटेल त्याला सांगायची, ऐकणाऱ्याला घाई असली तरी सांगायची.

बाप उकंडा, लेकीजवळच राहणारा. छप्पन साली तो नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या त्यानं दोर चुलीत घातला. कोणता दोर, तर मेलेली ढोरं गावाबाहेर ओढून न्यायचा. वीस वर्षं त्यानं गावाचे मेलेले बैल ओढले होते आणि त्याबद्दल त्याच्याशी कोणी कधी धड दोन शब्द बोललं नव्हतं. गाव रागावलं, बोलाचाली झाली, पण उकंडा हलला नाही. पुढं शेतमजुरीला जायचा आणि संध्याकाळी अंगणात बसून नातीसाठी मातीचे बैल करायचा. असे बैल, की पाहणारा बघतच राहावा. वशिंड, गळ्याखालची पोळी, गुडघ्याचं हाड, सगळं जिथल्या तिथं.

"मेलेले लय ओढले, आता जिते करतो," असं म्हणायचा आणि हसायचा.

तर बालवाडी. पंचायत समितीच्या मुख्य सेविका वच्छलाबाई उमरखेडहून आल्या तेव्हा त्यांनी कडुलिंबाखालची ती दोन लेकरं पाहिली आणि साफच सांगितलं. पोळ्यापर्यंत पंधरा मुलं बसली पाहिजेत, आणि मराठीत विचारलेलं त्यांना कळलं पाहिजे, सांगता आलं पाहिजे. नाही जमलं तर बालवाडी दुसऱ्या गावाला जाईल. तिकडचे लोक मागतच आहेत.

आता यात वच्छलाबाईंचं काय चुकलं? काही नाही. आदल्या वर्षी तांड्यातली पाच पोरं ढाणकीच्या शाळेत घातली होती. घरी बोली गोरमाटी, गुरुजींचं एक अक्षर कळेना. नाव विचारलं तरी पोरं भिंतीकडं बघत. दिवाळीपर्यंत पाचही परत ढोरांमागं. बालवाडी गेली असती तर यंदाच्यांचंही तेच होणार होतं. आणि इंदूबाईचं म्हणाल तर सातवी होऊन मिळालेलं हे पहिलं काम, ते गेलं असतं तर बापाला तोंड दाखवायची तिची छाती झाली नसती.

पहिल्या आठवड्यात तिनं फळ्यावर चित्रं काढून शब्द म्हणवून घ्यायचा सपाटा लावला. पोरं यायची, बघायची, पळायची. उन्हात ओरडून ओरडून घसा कोरडा पडला, तेव्हा जवळच्या झोपडीतून एक म्हातारी पाण्याचा लोटा घेऊन आली. बिजलीबाई. हातभर बांगड्या, घागऱ्यावर आरसे. इंदूबाईनं हात मागं घेतला. नंतर बोभाटा होण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं, म्हणून ती म्हणाली, "मावशी, आमी बौद्ध हाव. ढाणकीच्या वस्तीतले."

"तहान लागली ना?" बिजलीबाई म्हणाली. "मंग पे."

इंदूबाई पाणी प्यायली, त्याच लोट्यानं, ओठ लावून. ते पाणी ती जन्मात विसरली नाही. म्हातारीनं नंतर ज्वारीची बाटी, म्हणजे आपली भाकरच, आणि मिरचीचा ठेचाही दिला, आणि खाताखाता मोलाची गोष्ट सांगितली.

"तू बोलून राह्यली, लेकरं आयकून राह्यले. असं कोणी बोलाले शिकते काय? त्यायच्या हाताले काई दे."

घरी येऊन इंदूबाईनं हे बापाला सांगितलं. सकाळी ती निघाली तेव्हा उकंडानं एक बैल फडक्यात बांधून तिच्या हातात ठेवला. चांगला वीतभर, भाजलेला, डाव्या शिंगावर गेरूचा टिळा.

त्या बैलानं काम केलं. तांड्याला बैल म्हणजे काय हे तुम्हाआम्हाला सांगून कळायचं नाही. त्यांचे बापदादे बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरलेले. बैल पाहिल्याबरोबर अकरा पोरं गोळा झाली आणि "बळद, बळद" करत हात लावू लागली. इंदूबाईनं तो शब्द पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, "बळद. आमी बैल म्हणतो." पोरं म्हणाली, "बैल." झाली सुरुवात.

मग काय, रोज नाल्यावर जायचं आणि चिकणमाती आणायची. माती मळताना शब्द, पाणी घालताना शब्द, शेपूट तुटली की शब्द. ती एक मराठीतला सांगायची, पोरं एक आपला सांगायची, आणि बाईची जीभ अडखळली की पोरं लोळून हसायची. बाईला हसायला मिळतं हे कळल्यावर आणखी चार पोरं वाढली. देवराव दुकानातल्या चिंध्या पाठवू लागला. बिजलीबाई त्या चिंध्यांच्या झुली शिवून द्यायची, त्यावर आरशाचा एकेक तुकडा. रात्री उकंडा बेबीकडून तांड्याची हालहवाल ऐकायचा आणि कोणाच्या बैलाचे पाय वाकतात, माती कशी मळायची, हे सांगून पाठवायचा. सारं घर त्या बालवाडीला लागलं होतं. इंदूबाईला वाटायचं, किती लोकांचे हात आपल्या एका नोकरीला लागलेत, आणि तिला भरून यायचं.

पोळा जवळ आला तसा तिनं खेळ काढला. बैलबाजार. एकानं विकायचं, एकानं घ्यायचं. घेणाऱ्यानं विचारायचं, बैलाचं नाव काय, दात किती, चालतो कसा. विकणाऱ्यानं सांगायचं. भाव चिंचोक्यात. महिनाभर असा गलका चालला, की कडुलिंबावरचे कावळे उठून गेले. पोरं बोलायला लागली, मोडकंतोडकं पण बोलायला लागली. सतरा पोरं होती आता.

एकच लेकरू बोलेना. बिजलीबाईची नात, धानी. सहा वर्षांची, डोळे टपोरे. येत होती पहिल्या दिवसापासून. त्या दोनातली दुसरी तीच. माती मळायची, ऐकायची, पण मराठीत एक शब्द नाही. उकंडानं पाठवलेला तो पहिला बैल तिनं कधी ताब्यात घेतला हे कोणाला कळलंच नाही. तो काखेत घेऊनच बसायची आणि बाजारात मांडायची, पण कोणाला द्यायची नाही. इंदूबाईनं तिला टोचलं नाही. सोळा तर बोलतात, पंधरा पाहिजेत, असा तिनं मनाशी हिशेब केला होता, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत होती.

वच्छलाबाई पोळ्याच्या आदल्या दिवशी येणार असा निरोप आला. त्याच्याही आदल्या संध्याकाळी इंदूबाई तयारी करून घरी गेली, आणि ती गेल्यावर जे झालं त्याला कोणाचाच इलाज नव्हता.

धानीचा बाप देवसिंग बैलांचा दलाल. उभी हयात गुरांच्या बाजारात गेलेली. तो तांड्यावर परतला, तेव्हा पोरं झाडाखाली खेळ घोटत होती, "चार दात हाय, वीस चिंचोके दे" असं ओरडत. देवसिंगला हसू आवरेना.

"असा बाजार असते काय रे पोट्ट्यांनो?" तो म्हणाला. "भाव कोणी बोंबलून करते? साऱ्या गावाले आयकू जाते ना."

आणि त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, पोरांना गोल बसवलं आणि खरा बाजार शिकवला. रुमालाखाली हात घालायचा. समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं दाबली तितका भाव. मान हलली की सौदा झाला. तोंडातून शब्द काढायचा नाही. पोरांना ते इतकं आवडलं, की अंधार पडेपर्यंत उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई आल्या. खुर्ची मांडली, वही उघडली, पेन्सिल हातात घेतली. सतराच्या सतरा लेकरं अंग धुऊन, तेल लावून बसलेली. मधोमध बैल मांडलेले, झुलींचे आरसे चमकत होते. इंदूबाईनं ऐटीत सांगितलं, "बाजार भरू द्या."

बाजार भरला. पोरांनी घरून आणलेली फडकी काढली, हातांवर टाकली आणि फडक्यांखाली बोटं वळवळू लागली. माना हलल्या. बैल इकडचे तिकडं गेले. चिंचोके मोजले गेले. कोणाच्याही तोंडातून हूं नाही की चूं नाही. पोरं मोठ्या दलालांसारखी गंभीर.

इंदूबाई पुढं वाकली. "अरे, बोला ना," ती कुजबुजली. पोरांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू बाईला बाजारातलं काही कळत नाही बिचारीला.

"ही मुलं बोलत नाहीत का?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"बोलतात, बाई. कालपर्यंत बोलत होते."

वच्छलाबाईंनी सुस्कारा सोडला. दोन-तीन पोरांना त्यांनी नाव विचारलं. सौदा चालू असताना नाव कोण सांगतं? पोरांनी मान हलवली. वच्छलाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. दूर देवसिंग बैलांचे खांदे लोण्यानं मळत होता, त्याला आपण काय करून बसलो याचा पत्ता नव्हता.

"मेहनत दिसते तुमची," उठताना वच्छलाबाई म्हणाल्या. "बैल फार सुंदर आहेत. एक ऑफिसात दाखवायला नेते." आणि त्यांनी धानीच्या समोरचा, टिळ्याचा बैल उचलून पिशवीत टाकला.

धानी उठली. तिनं दोन्ही हातांनी पिशवी धरली.

"ओ बाई, थो बैल ठेव," ती म्हणाली. "थो इकाचा नाई. चार दात हाय त्याले. डाव्या शिंगावर टिळा हाय. पायात दम हाय. पन इकाचा नाई. तू काहून उचलला? तू बोटं नाई धरले, भाव नाई केला, तसाच घेऊन चालली. असा बाजार असते काय? थो बैल बुढ्यानं धाडला, बाईच्या बानं. ठेव खाली."

तीन महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. इंदूबाई तिथंच मातीत बसली. आणि एकीनं तोंड उघडल्यावर बाकीचे थोडेच गप्प बसतात? "थो तिचाच हाय," एक म्हणाला. "माहा घे बाई, माहा लाल हाय," दुसरा. "याच्या बैलाले शेपूट नाई," तिसरा, आणि शेपटीवरून जी जुंपली ती सगळी मराठीत.

वच्छलाबाईंनी बैल पिशवीतून काढून जागेवर ठेवला. मग त्या खुर्ची सोडून खाली बसल्या, हातावर पदर घेतला आणि धानीपुढं हात केला. धानीनं पदराखाली त्यांची पाचही बोटं मिटवून मूठ करून टाकली.

"म्हणजे काय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"म्हंजे नाई," धानी म्हणाली.

वच्छलाबाई हसल्या. मग वही पुन्हा उघडली, आधी लिहिलेलं खोडलं, आणि जाताना इंदूबाईला सांगितलं, "ही बालवाडी इथंच राहील. पुढल्या वर्षी पहिलीचा वर्गही मागू."

इंदूबाईनं कोणाकोणाचे आभार मानावेत? ती बिजलीबाईच्या पाया पडायला वाकली, तर म्हातारीनं तिला धरून उभं केलं आणि लोटाभर पाणी दिलं. देवसिंगवर रागवायला गेली, तर त्याचा चेहरा बघून हसूच आलं. शेवटी तिनं त्याचेही आभार मानले. तो रुमाल नसता तर धानी बोलली असती की नाही कोणास ठाऊक.

ती बेबीला घेऊन निघाली, तेव्हा धानी मागून धावत आली. हातात एक बैल होता. तिनं स्वतः केलेला, ओबडधोबड, एक पाय आखूड, झूल मात्र नवीकोरी.

"बुढ्याले दे," ती म्हणाली.

"कितीत देतं?" इंदूबाईनं विचारलं आणि पदराखाली हात केला.

धानीनं पदराखाली तिचा हात धरला. बोट एकही दाबलं नाही, मूठही केली नाही. नुसता हात धरून उभी राहिली, मग सोडून पळाली.

घरी उकंडा दारातच बसला होता. बालवाडी राहिली हे ऐकून त्यानं डोळे मिटले आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं हात जोडले. मग त्यानं तो बैल हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला, आखूड पायावर अंगठा फिरवला.

"कोनं देल्ला?"

"तांड्यातल्या पोरीनं. तुमच्यासाठी केला."

"कितीत?"

इंदूबाई बापाच्या शेजारी बसली. तिनं पदर टाकला आणि त्याखाली त्याचा हात धरला. दोर ओढून ओढून त्या तळहाताला पडलेले घट्टे सात वर्षांनीही गेले नव्हते. म्हाताऱ्यालाही बाजाराची रीत माहीत होती. कोणतं बोट दाबलं जातं याची तो वाट बघत राहिला. एकही दाबलं गेलं नाही.

"भाव सांग ना," तो म्हणाला.

"सांगतला, बा," इंदूबाई म्हणाली. "तिनं एवढाच सांगतला."

उकंडानं हात सोडवला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही. मग तो म्हणाला, "उद्या तिले म्हण, पाय आखूड झाला. म्या येऊन दाखवतो कसा कराचा थे."

आणि पोळ्याच्या दिवशी, जन्मात पहिल्यांदा, उकंडा कोणीतरी वाट बघतंय म्हणून एका वस्तीवर गेला.