निळ्याच्या टाकीत जोडी

कवळीवाल्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. दातांच्या कवळ्या बनवायचा धंदा. त्यापुरते ते स्टुलावर टेकत, काम झालं की पायाला पुन्हा भिंगरी. कवळी हिरडीला टोचली तर कानशीनं जरा घासायची, बसवून बघायची, पुन्हा घासायची. शेवटी बसतेच, हा आयुष्यभराचा अनुभव.

बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालं, ती खाटेला खिळली, तेव्हा त्यांनी तिच्या समोर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. तिला हवी होती पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी माशांची जोडी. पण नव्या पाण्यात आधी काटक मासा सोडावा, असं शेजारी म्हणाला, म्हणून यांनी बोटभर लांबीचा एक निळा मासा आणला. तो जगला, आणि बघता बघता टाकीचा मालक झाला. कुणी हात घातला तरी अंगावर धावून यायचा.

आज जोडी आली. पाण्याची सवय व्हावी म्हणून पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तर निळा तिला धडका मारू लागला.

"घरात हा गुंड आहे, हे दुकानदाराला सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

"त्यानं विचारलं नाही."

"मग तुम्हाला तोंड कशाला दिलंय?"

कवळीवाल्यांनी फोन लावला. दुकानदार हसला. "काका, भांडखोर मासा सगळ्यांत शेवटी सोडायचा असतो. दगड हलवून बघा. खुणा मोडल्या की कधीकधी हक्क विसरतो. नाही जमलं, तर त्याला नाहीतर जोडीला, कुणाला तरी आजच परत आणा."

बाह्या सरसावून त्यांनी सगळे दगड इकडचे तिकडे केले. पाणी गढुळलं. निळा भांबावून एका कोपऱ्यात थबकला. "बघ, बसला!" म्हणत त्यांनी जोडी सोडली. पण पाणी निवळतं न निवळतं तोच निळा सुसाट आला. जोडी घाबरून वर काचेला चिकटली. एकाची शेपटी फाटली. त्यांनी दोघांना जाळीनं काढून पिशवीत घातलं.

"अहो, माशाला कानस लावता येत नाही," बायको हळूच म्हणाली.

"मग हा जाईल. जोडी तुझी आहे." आणि ते निळ्याच्या मागे लागले. जाळी डावीकडे, निळा उजवीकडे. सदरा कोपरापर्यंत भिजला, खाली थारोळं झालं, तरी ते थांबेनात.

"राहू द्या त्याला!" ती एकदम ओरडली. "तुम्ही कामात असता तेव्हा तो इथं काचेशी येऊन उभा राहतो. मी बोलते त्याच्याशी."

"पण तुला तर जोडी हवी..."

"हवी होती. तेव्हा हा नव्हता."

त्यांनी जाळी बाजूला ठेवली. मग ओल्या सदऱ्यानिशीच पिशवी उचलून दुकानाकडे निघाले.

दुकानदारानं जोडी वेगळ्या टाकीत सोडली आणि खुर्ची पुढे केली. "बसा काका. त्याच्याबरोबर चालेल असं दुसरं काही दाखवू?"

"नको, नको. राहू दे एकटा."

ते बसले नाहीत. निळ्याला आता त्याची कपार सापडत नसेल, या विचारानं त्यांची पावलं रस्त्यात भराभर पडू लागली. दगड होते तसे लावायला हवेत. पण कुठला कुठे होता, काही केल्या आठवेना. तिला आठवत असेल. दिवसभर तीच तर बघत असते.