वेदरले घराण्याचा अकरावा दाणा

न्यूझीलंडमधल्या टाकानिनीच्या नव्या वसाहतीत सगळी घरे एकाच रंगाची आहेत आणि झाडे अजून गुडघ्याएवढीच आहेत. तिथे विश्वनाथ हेळवी आपला मुलगा अक्षत आणि सून वल्लरी यांच्याकडे राहतात. वय एकाहत्तर. सकाळी नातीला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवायचे, वाटेत भेटेल त्याला ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करायचा, परतताना डेअरीतून दुधाची बाटली आणायची, एवढेच त्यांचे काम. लोकरीची टोपी घातलेल्या या अबोल माणसाच्या डोक्यात एकशे चाळीस घरांचे जन्म-मृत्यू ओळीने साठवलेले आहेत, हे शेजाऱ्यांना सांगूनही खरे वाटले नसते.

हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारा. विश्वनाथांचे वडील सुगी झाली की बैलावर बसून जत तालुक्यातील गावे फिरत. यजमानाच्या दारात बैल उभा करीत आणि त्या घराच्या मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळी नावे ओळीने म्हणत. त्यांच्या घराण्याचे काही नियम होते. प्रत्येक नावानंतर त्या घरातल्या माणसाने ‘होय’ म्हणायचे. होय ऐकू आला की हेळव्याने सुपात जोंधळ्याचा एक दाणा टाकायचा. परक्याचा होय धरायचा नाही. मेलेला होय म्हणत नाही. आणि स्वतःच्या नावाला स्वतः होय म्हणायचे नाही, ते घरातल्या दुसऱ्याने म्हणायचे. कारण आपण आहोत याची साक्ष माणसाला स्वतःची स्वतः देता येत नाही.

हे नियम वडिलांनी एकदाच मोडले होते. एका यजमानाने भांडून घर सोडलेल्या भावाचे नाव वंशावळीतून गाळायला सांगितले आणि त्याबद्दल एक कालवड दिली. पुढच्या वर्षीपासून त्या दारात वडिलांना एक होय जास्त ऐकू येऊ लागला. त्यांनी त्या गावाची वाटच सोडली. तरीसुद्धा मरतेसमयी त्यांनी विश्वनाथांचा हात धरून विचारले होते, “सुपात किती दाणे आहेत, ते मोज बघू.” सूप तर खुंटीला टांगलेले होते.

तेच सूप विश्वनाथांनी न्यूझीलंडला येताना बरोबर आणले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यातले दाणे काढून घेतले, बांबू भिंगाखाली बराच वेळ पाहिला आणि सूप परत दिले. जोंधळा नंतर टाकानिनीच्या भारतीय दुकानात मिळाला. सूप मात्र सहा वर्षे कपाटावरच राहिले.

वल्लरी पुण्याची. शिकायला म्हणून इथे आली आणि आता जवळच्या पुकेकोहे गावातल्या एका वकिलाकडे कागदपत्रे तयार करण्याचे काम करते. अकरा महिन्यांपासून तिच्याकडे एकच मोठे प्रकरण होते. पुकेकोहेच्या टेकडीवर रूपर्ट वेदरले नावाचे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ एकटे राहत. त्यांचे आजोबा इंग्लंडमधल्या एका खानदानी घराण्यातले धाकटे पुत्र. त्या घराण्यात ‘सर’ हा किताब वंशपरंपरेने चालत आलेला, बापाकडून थोरल्या मुलाकडे. इंग्लंडमधली थोरली पाती निपुत्रिक संपली आणि किताब वारसाविना पडून राहिला. तो आपल्याकडे यावा, लंडनच्या नोंदपटावर आपले नाव चढावे, एवढीच वेदरलेसाहेबांची शेवटची इच्छा होती. पिढ्यांना पिढ्या जोडणारे सगळे दाखले वल्लरीने मिळवले होते. आता सोमवारी त्यांनी एका शपथपत्रावर सही करायची होती की, मी माझ्या वडिलांचा एकुलता एक मुलगा आहे.

बोलता बोलता वल्लरीने त्यांना आपल्या सासऱ्यांच्या परंपरेविषयी सांगितले होते. म्हाताऱ्याला ते फार आवडले. सही करण्यापूर्वी आपली वंशावळ एकदा तोंडी ऐकायची, असा त्यांनी हट्टच धरला.

विश्वनाथांनी आठवडाभर ती नावे वल्लरीकडून ऐकून पाठ केली. नावे परकी होती, पण चाल ओळखीची होती. बाप, लेक, त्याचा लेक. शनिवारी दुपारी दोघे गाडीने निघाले. कांद्याच्या वावरांवर धुके उतरले होते. तांबडी माती ओली होऊन टायरांना चिकटत होती. टेकडीवरचे लाकडी घर जवळ जाईपर्यंत दिसलेच नाही.

वेदरलेसाहेब उंच, वाकलेले आणि अतिशय अदबशीर होते. त्यांनी स्वतः चहा मांडला. माणसे तीन होती. कप चार होते. वल्लरीने सहज विचारले, आणखी कोणी यायचे आहे का. ते म्हणाले की आईची तशी पद्धत होती, हातालाच वळण पडले आहे.

विश्वनाथांनी सूप मांडीवर घेतले आणि नियम समजावून सांगितले. वल्लरीने ते इंग्रजीत उलगडले. नावे अकरा आहेत, अकरावे साहेबांचे स्वतःचे. घरात दुसरे कोणी नाही, तेव्हा त्या नावाला होय मिळणार नाही आणि त्यात काही उणेपणा नाही. दाणे दहा पडतील.

मग त्यांनी डोळे मिटले. सहा वर्षांनी आवाज बाहेर पडला तो पहिल्याच नावाला खणखणीत. पहिला वेदरले, राजाने किताब दिलेला. “येस,” साहेब म्हणाले. दाणा पडला. त्याचा पुत्र. येस. दाणा. नावांमागून नावे गेली. समुद्र ओलांडून आलेले आजोबा झाले, वडील ऑगस्टस झाले. शेवटी विश्वनाथ म्हणाले, ऑगस्टसचा पुत्र रूपर्ट. आणि थांबले.

होय आला.

आवाज मोठा नव्हता. बरेच दिवस न उघडलेले दार सरकावे, तसा तो घोगरा शब्द होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. वल्लरीला वाटले, साहेबच विसरून बोलले. साहेबांना वाटले, वल्लरी बोलली. विश्वनाथांनी डोळे उघडून सुपात पाहिले. त्यांनी दाणे मोजले, ओंजळीत घेऊन पुन्हा मोजले. अकरा होते.

“साहेबांना विचार,” ते सुनेला म्हणाले, “या घरातलं आणखी कोण जिवंत आहे?”

वल्लरीने तो प्रश्न जमेल तेवढा मऊ करून विचारला. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कोणीही नाही, कागद पुरे आहेत, असे ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. निघताना विश्वनाथांनी दहा दाणे पिशवीत घातले. अकरावा त्यांनी चौथ्या कपाच्या बशीत ठेवला.

गाडी टेकडी उतरू लागली. वायपर एकसारखे काच पुसत होते आणि धुके काही हटत नव्हते.

“बाबा, तुमच्या हातून एक दाणा जास्त पडला,” वल्लरी अखेर म्हणाली. “वय झालं की होतं असं. त्यासाठी माझी अकरा महिन्यांची केस बुडवायची का?”

“हाताला सत्तर वर्षं झाली, सूनबाई. पण हा हात कान ऐकल्याशिवाय हलत नाही.”

“मग बॉसला काय सांगू? जोंधळ्याने ऑब्जेक्शन घेतलंय म्हणून?”

“तुला पटेल ते सांग. पण तो म्हातारा सोमवारी खोटी शपथ घेणार आहे, आणि ती खोटी आहे हे त्याला ठाऊक आहे.”

वल्लरीलाही एक गोष्ट आता टोचू लागली होती. अकरा महिने ती जोडणाऱ्या कागदांच्या मागे होती. वगळलेल्याचा कागद तिच्याकडे कोणी मागितला नव्हता, आणि तिनेही तो शोधला नव्हता.

रविवारी सकाळी साहेबांचाच फोन आला. तुमच्या सासऱ्यांना घेऊन या, एवढेच ते म्हणाले.

चहाचे सामान कालचेच होते. साहेबांनी ते उचललेले नव्हते. चौथ्या कपाच्या बशीत दाणा तसाच होता, आणि त्यांची खुर्ची त्या कपासमोर सरकवलेली होती. कदाचित ते रात्रभर तिथेच बसले असावेत. विश्वनाथ त्यांच्याशेजारी बसले आणि काही न विचारता गप्प राहिले. हेळव्याला बोलणे येते तसे थांबणेही यावे लागते.

बऱ्याच वेळाने साहेब बोलू लागले. त्यांना एक थोरला भाऊ होता, एडमंड. तो बोलत नसे. जन्मापासून एक शब्द नाही. किताबाच्या घराण्यात असा थोरला मुलगा वडिलांना नको होता. एडमंड नऊ वर्षांचा असताना त्याला दक्षिणेकडच्या एका मोठ्या संस्थेत पाठवले. घरच्या बायबलमधले त्याच्या जन्माची नोंद असलेले पान कापले गेले. चार वर्षांच्या रूपर्टला सांगितले की तुला भाऊ नव्हता. आई मरेपर्यंत चहाला एक कप जास्त मांडत राहिली. नाताळला ती संस्थेत एक पार्सल पाठवी. तिच्यामागे दोन वर्षे रूपर्टने पाठवले, मग थांबवले. पुढे ती संस्था बंद झाल्याचे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले. तेथल्या माणसांचे काय झाले, हे त्यांनी कधीच विचारले नाही. विचारले नाही म्हणून तो मेलेला राहिला.

“ही सुटसुटीत सोय होती,” ते म्हणाले. वल्लरीने ते वाक्य मराठीत सांगितले.

विश्वनाथांनी बशीतल्या दाण्याकडे बोट केले. “मेलेला होय म्हणत नाही, साहेब.”

सोमवारी शपथपत्रावर सही झाली नाही. वल्लरीने वकिलांना खरे ते सांगितले, बोलणी खाल्ली, आणि फोन करीत सुटली. बुधवारी तिला पत्ता लागला. एडमंड वेदरले, वय शहाऐंशी, टौरंगाच्या एका वृद्धाश्रमात होते. तिथल्या परिचारिकेचे नाव लीला, मूळची फिजीची. घरचे कोणी विचारतेय म्हटल्यावर ती म्हणाली की नवलच आहे, याच आठवड्यात आम्ही त्यांच्याविषयी डॉक्टरांना कळवले. गेली अठरा वर्षे ते इथे आहेत आणि त्याआधीच्या फायलीतही लिहिले आहे की हे बोलत नाहीत. शनिवारी दुपारी ते खिडकीशी बसले होते. मान वर केली, कोणीतरी हाक मारल्यासारखे दाराकडे पाहिले आणि स्वच्छ म्हणाले, “येस.” एकदाच. तिने वेळ टिपून ठेवली होती. तीन वाजून वीस मिनिटे.

वल्लरीने फोन ठेवला. त्या संध्याकाळी तिने सासऱ्यांना काही सांगण्याआधी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि त्यांच्या पायांशी बसली. विश्वनाथांनी सगळे ऐकून घेतले. ते खूश झाले नाहीत. त्यांच्या अंगावर मात्र शहारा आला, तो तिला दिसला.

शनिवारी तिघे टौरंगाला गेले. वाटेत साहेबांनी वल्लरीला सांगितले की अर्ज आता एडमंडच्या नावाने करावा. किताब थोरल्याचा असतो. आपल्या वाट्याला तो येईल न येईल, तेवढे आयुष्य हाती नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे.

खोली लहान होती. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसत होत्या. एडमंड खुर्चीत बसले होते, उंच आणि वाकलेले. रूपर्ट दारातच थबकले. आरशात पाहावे तसे दोघे एकमेकांकडे पाहत होते. कोणी पुढे झाले नाही.

विश्वनाथांनी खाली बैठक मारली, सूप मांडीवर घेतले आणि वंशावळ सुरू केली. पहिल्या नावाला रूपर्ट येस म्हणाले. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही. दाणे पडत गेले. एडमंड सुपाकडे टक लावून होते. दहाव्या नावाला, ऑगस्टसच्या, रूपर्टचा आवाज जरा अडखळला, पण आला.

मग विश्वनाथ म्हणाले, “ऑगस्टसचा थोरला पुत्र एडमंड.”

नियम रूपर्टना ठाऊक होता. हे नाव उच्चारले गेले की ज्याचे आहे त्याने गप्प राहायचे. होय दुसऱ्याने म्हणायचा, आणि तो म्हणण्याजोगा माणूस जगात एकच होता. हातात दाणा धरून विश्वनाथ थांबले. बाहेर कुठेतरी जहाजाचा भोंगा वाजला आणि विरला. रूपर्टचे ओठ हलले. सत्याहत्तर वर्षांचा शब्द घशातून वर यायला वेळ लागतो.

“येस,” ते म्हणाले. “माझा भाऊ.”

दाणा सुपात पडला. विश्वनाथांनी पिशवीतून आणखी एक दाणा काढला आणि शेवटचे नाव घेतले. ऑगस्टसचा धाकटा पुत्र रूपर्ट. त्यांनी एडमंडकडे पाहिले. एडमंड काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपला तळवा पुढे केला. विश्वनाथांनी दाणा त्यावर ठेवला आणि वंशावळ पुरी झाली म्हणून सूप उलटे केले. तो होय मागच्या शनिवारीच येऊन गेला होता.