एलाडिओ उंचवट्यावर बसला

उजव्या हाताने स्वतःचं तोंड धुता येत नाही, असा बेसबॉलचा पिचर तुम्ही पाहिलाय का? आमचा एलाडिओ तसा आहे. अमेरिकेत आठ वर्षं खेळला, सुजलेल्या कोपरात सुया टोचून घेत चेंडू फेकत राहिला आणि वाकडा हात घेऊन आमच्या सान पेद्रो गावी परतला. तेव्हापासून तो आमच्या ऊसतोड्यांच्या वस्तीतल्या पोरांना शिकवतो.

मार्चमध्ये अमेरिकन क्लबचा माणूस पोरं निवडायला चेंडूचा वेग मोजायचं यंत्र घेऊन आला. नेमकं त्याच दिवशी एलाडिओच्या पोरांतला पिचर विल्किन याचं कोपर सुजलेलं. एलाडिओ म्हणाला, "आज हा फेकणार नाही."

विल्किनची आई मिरेया चवताळली. "सतरावं संपत आलं त्याचं, आणि क्लबवाले कोवळी पोरंच उचलतात. पुढच्या वर्षी कुत्रं तरी विचारेल का त्याला? तुझं वाटोळं झालं म्हणून माझ्या लेकाचंही करतोस, मेल्या?"

एलाडिओ मैदानातल्या चेंडू फेकायच्या उंचवट्यावर जाऊन बसला, म्हणजे तिथून कुणाला फेकताच येणार नाही. वस्ती शिव्या घालत होती, तो रडत होता, पण उठला नाही. शेवटी क्लबवाला निघून गेला.

विल्किन आता ऊस तोडतो. आपण चुकलो, असं एलाडिओ रोज म्हणतो. मी म्हणतो, नाही चुकलास.

तुमच्या पोराचं कोपर सुजलं असेल, तर क्लबवाला दारात उभा असला तरी त्याला फेकायला लावू नका.