बांगड्याच्या कालवणातलं मीठ

समस्त रत्नागिरीकर बंधुभगिनींनो, पुढील निवेदन उभं राहून ऐकावं. जेवण अंगावर आलं असेल तर बसायला हरकत नाही. गेली तीस-पस्तीस वर्षं या गावात स्वखर्चाने आणि खऱ्याखुऱ्या पोटतिडकीने हिंडून मी एक निकाल तयार केला आहे. रत्नागिरीत खावं कुठे, याचा तो निकाल. त्यावर अपील नाही.

तिसरा क्रमांक स्टँडजवळच्या मिसळीचा. माझा पुण्याचा मेहुणा ती खाताना ढसाढसा रडला आणि रडत रडतच त्याने दुसरी मागवली. दुसरा क्रमांक मांडवीच्या कांदाभजीचा. तिथे वारा असा, की एका हाताने भजी खायची, दुसऱ्याने कागद धरायचा. चहाला तिसरा हात लागतो, म्हणून मी बायकोला नेतो.

पहिला क्रमांक, काल, आज आणि उद्याही, मांडवीकडे उतरताना लागणाऱ्या एका बिनपाटीच्या खानावळीचा. चार टेबलं, नवरा-बायको दोघंच. ती रांधायची, तो वाढायचा. तिचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण खाऊन मी अनेकदा जागच्या जागी सद्गतीला जायच्या बेतात आलो आहे.

गंमत अशी, की ते कालवण तिने स्वतः कधी चाखलंच नव्हतं. मुलगा पहिल्यांदा जहाजावर लागला तेव्हा तिने देवापुढे बोलून मासळी सोडली होती. तो सुखरूप आला, पण पुन्हा गेला. पोरगा दर्यावर असेपर्यंत नवस फिटायचा कसा? मग चाखायचं काम नवऱ्याकडे आलं. अकराच्या सुमाराला आतून हाक यायची, "अवो, चाखा जरा!" हा तळहातावर दोन थेंब घ्यायचा, डोळे मिटायचा. मीठ कमी असलं तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "समुद्र इसरलीस काय गो?" त्यावर आतून अस्सल रत्नागिरी शिव्यांचा आहेर यायचा, आणि मागोमाग कालवणात मीठ पडायचं. टेबलावर मिठाची वाटी ठेवू द्यायचा नाही तो. म्हणायचा, "वाटी ठेवली तर मी कशाला हाय?"

त्याच्या त्या ओरडण्याची नक्कल मी त्याच्यासमोरच करायचो. तो म्हणायचा, "मेल्या, माझ्यापेक्षा बरा वरडतोस."

यंदा गणपतीनंतर तो गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

महिन्याभराने खानावळ उघडली. आम्ही जुनी गिऱ्हाईकं पहिल्याच दिवशी हजर. कालवणाचा रंग तोच, वास तोच. पहिला घास घेतला आणि सगळ्यांचे हात थांबले. मिठाचा कणसुद्धा नव्हता. ती दारात उभी राहून आमच्या तोंडांकडे बघत होती. पलीकडचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "झकास!" आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खिशात मिठाच्या पुड्या घेऊन जाऊ लागलो. ती आत वळली की पुड्या निघायच्या. सगळ्या गावात बडबड्या म्हणून ओळखला जाणारा मी, पण तिला हे एक वाक्य सांगायला मला तोंड नव्हतं. सांगायचं म्हणजे तो नाही हे सांगायचं.

पण नवी माणसं पुड्या आणत नाहीत. ती एकदा यायची, परत फिरकायची नाहीत. ताटात उरलेलं कालवण तिला दिसत होतं. एके दिवशी भाकरी वाढताना ती म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली वाटतं. लेक सावर्ड्याला बोलावतेय. दिवाळीला कुलूप घालते नि जाते."

 

ती गेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. हल्ली अकराच्या आधी आमच्यातला जो पोचेल त्याच्या तळहातावर दोन थेंब पडतात. पण ती सोय झाली त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

कुलपाचं बोलून ती आत गेली. मी पुडी काढली ती हातातून निसटली. सगळं मीठ जमिनीवर. समोर ते अळणी कालवण. काहीतरी नीट, सभ्य बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर पडला तो त्याचाच आवाज. गल्लीभर जाईल असा.

"समुद्र इसरलीस काय गो?"

गुरुजींचा घास हातातच राहिला. आतली भांडी वाजायची थांबली.  मग नेहमीच्याच ठसक्यात ती आतून ओरडली,

"मग मगाशी मी चाखायला हाका मारत होते तेवा कुठं गेलेलात वो?"