डाव्या बाजूची दाढ

आमच्या वहिनींचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी तो आधी कोटाच्या खिशात घातला. पेशंटला कळायला नको आणि मला तर नकोच. पण मी त्यांची नणंद, दवाखान्याचं काउंटर सांभाळणारी आणि गरज पडली तर पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढणारी नळीही धरणारी. माझ्यापासून काय लपणार? रूट कॅनालचे पेशंट त्या समोरच्या डॉक्टरकडे पाठवू लागल्या, तेव्हाच मी काय ते समजले.

हा दवाखाना माझ्या दादाने आणि वहिनींनी मिळून काढलेला. दोघंही दातांचे डॉक्टर. दादा गेल्यावर वहिनींनी तो एकटीने रेटला. आता माझा भाचा रोज फोनवर एकच धोशा लावायचा, "आई, बस झालं. बंद कर."

वहिनींनी त्याला एकदाच सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत जोडीला चांगला डॉक्टर मिळाला नाही, तर मीच कुलूप लावीन. तोवर हा विषय नको." आणि त्यांनी एकदा म्हटलं की म्हटलं.

मुलाखतीची पद्धत त्यांची स्वतःची होती. उमेदवाराला हातमोजे द्यायचे, आपण पेशंटच्या खुर्चीत आडवं व्हायचं आणि आ करायचा. "बघा आणि सांगा."

पहिला आला तो सुटाबुटातला. आरसा तोंडात घातला न घातला तोच म्हणाला, "मॅडम, दात कसले, मोती आहेत." त्याला वहिनींनी चहा पाजून वाटेला लावलं. दुसरीने एकदम चार दातांना कॅप सुचवल्या. ती गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "माझ्या तोंडात इमारत उभी करायला निघाली होती." पुढे बरेच दिवस कोणी फिरकलंच नाही. महिना संपत आला आणि माझा जीव टांगणीला लागला.

तिसरी आली ती एवढीशी पोर. आवाज इतका बारीक, की दोनदा विचारावं लागे. स्टूल उंचीला पुरेना म्हणून तिने ते न विचारता वर केलं. ते दादाचं स्टूल. मी तिथेच तिच्या नावावर फुली मारली.

तिने एकेक दात सावकाश पाहिला. एका दाढेपाशी पुन्हा आली.

"खालची डावी दाढ," ती म्हणाली. "जुनं चांदीचं फिलिंग कडेने सुटलंय. खाली कीड लागलीय. काढावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. "ते कोणी भरलंय माहीत आहे? भिंतीवर फोटो आहे ना, त्यांनी. लग्न झालं त्या वर्षी."

पोरीने फोटोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. आता ही शब्द फिरवणार, असं मला वाटलं.

"सरांनी छान भरलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. पण आता ठेवलं तर दाढच जाईल."

वहिनी छताकडे बघत पडून होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे. वर्षभर उजवीकडूनच चावतेय मी."

"मग कोणाकडे गेला का नाहीत?" मी विचारलं.

"ते काढायला मन होत नव्हतं, वन्सं." दादाबद्दल इतकं सरळ त्या कधी बोलल्या नव्हत्या. "मास्क लावा, नळी धरा. आणि तू, इंजेक्शन भर."

"पण मॅडम, माझी मुलाखत..."

"हीच."

मशीन सुरू झालं. फिलिंगचे करडे तुकडे सुटायला लागले. दादाच्या हातचं वहिनींपाशी एवढंच उरलं होतं, आणि तेही मीच नळीने ओढून घेत होते. मास्कच्या आत मी रडत होते. पोरीचा हात इतका स्थिर होता, की आधी त्याचाच राग आला, मग तोही ओसरला. वहिनींच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. उजवा हात मांडीवर थरथरत होता. आज त्यांनी तो लपवला नाही.

नवीन फिलिंग भरून झालं. "दात मिटा. उंच लागतंय?"

वहिनींनी नाही म्हणून मान हलवली. उठल्या तेव्हा अर्धा ओठ बधिर, शब्द वाकडे. तरी आधी मलाच कामाला लावलं. "काल समोर पाठवले ते मास्तर. त्यांचं रूट कॅनाल झालं नसेल तर परत बोलवा. उद्याच."

मी फोन लावला. मास्तर म्हणाले, "म्हणजे बाई स्वतः करणार?"

मी आत पाहिलं. वहिनी वाकून, डाव्या हाताने, दादाच्या स्टुलाची मूठ त्या पोरीच्या उंचीला घट्ट करत होत्या.

"नाही," मी म्हटलं, "आमच्या नव्या डॉक्टर करतील. या तुम्ही."